मोसंबीचे डोळे आणि माझी वही

बाळांनो,

तुमच्यातली धाकटी परवा फोनवर सांगत होती, की ती वर्षभर घरच्या घरी जर्मन शिकते आहे. तीन वह्या भरल्या, नियम लाल शाईने, अपवाद हिरव्या शाईने. मी विचारलं, कुणाशी बोललीस का? म्हणाली, अजून तेवढी तयारी झाली नाही. फोन ठेवल्यावर दिवसभर माझी चिडचिड होत राहिली. राग तिचा नव्हता. हे सगळं तिने माझ्याकडून उचललंय, याचा होता.

सन ऐंशीनंतरची दोन-चार वर्षं असतील. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली मी, औरंगाबादहून लग्न होऊन घनसावंगीकडच्या शेतकरी घरात आले होते. विहिरीजवळच्या दोन एकरांत सासरे दरवर्षी कापूस लावत. मला तिथे मोसंबी हवी होती, आणि कलमं विकत न आणता स्वतः बांधायची होती. जंबेरी लिंबाची साठ रोपं मी विहिरीच्या कडेला तयार ठेवली होती. त्यांच्या पेन्सिलीएवढ्या खोडाला चीर द्यायची, सालीखाली मोसंबीचा डोळा, म्हणजे फांदीवरची कोंब फुटायची जागा सालीसकट काढून, सरकवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची, एवढंच काम. सासरे म्हणाले, "सूनबाई, साठातले चाळीस फुटले तर रान तुझं. न्हाई तर मिरगात सरकी लावणार."

मी शहरातून फळबागेवरचं जाड इंग्रजी पुस्तक मागवलं. कुंभार पिंपळगावच्या बाजारातून चाकू आणि प्लास्टिक आणलं. वही आखली, प्रत्येक रोपाला क्रमांक दिला. पुस्तकात लिहिलं होतं, नियमित निरीक्षण करा. म्हणून दर चौथ्या दिवशी मी पट्ट्या सोडायची, डोळ्यांचा रंग बघायची, वहीत टिपायची आणि पट्ट्या पुन्हा बांधायची. दिवाळीनंतर बांधलेले साठही डोळे काळे पडले.

मग मी काय केलं? आणखी एक पुस्तक मागवलं. आकृत्या पुन्हा, जास्त सुबक काढल्या. संक्रांतीच्या सुमारास त्याच खोडांवर थोडं खाली दुसऱ्यांदा डोळे बसवले, आणि तेही त्याच शिस्तीने वाळवले. सासरे जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, वही तेवढी चांगली फुटून राहिली. जाऊबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मी उठून खोलीत गेले आणि वाचत बसले. आज आठवलं तरी स्वतःचाच संताप येतो. हाताला जमत नव्हतं, आणि मी डोळ्यांना काम देत होते.

शेजारच्या रानात मजुरीला येणारी एक बाई रोज दुपारी आमच्या बांधावर भाकर खायची. लग्नाआधी ती रोपवाटिकेत कलमं बांधायची, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं. पण जिला अक्षर येत नाही तिला काय विचारायचं, असं मला वाटायचं. हे लिहायला लाज वाटते, तरी लिहिते.

तिसऱ्यांदा डोळे बसवून चार दिवस झाले होते. मी पट्टी सोडायला बसले आणि ती पाणी प्यायला विहिरीवर आली.

"वैनी, पट्टी कामून सोडून राह्यल्या?"

चिकटलाय का ते बघते, मी म्हणाले.

"सारखं उघडल्यावर चिकटंल कसा? हवा शिरती, वाळून जातो. तीन हप्ते बिलकुल हात लावायचा न्हाई."

तू दिवाळीपासून बघतेस, मग बोलली का नाहीस, असं मी जरा चढ्याच आवाजात विचारलं.

"तुम्ही लिहून राह्यल्या होत्या. मला वाटलं, शिकलेल्या माणसाचं काही येगळं असंल. आन् तुम्ही इचारलं कुठं?"

वही पाहून लोक गप्प बसतात, हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं. मी तिला शिकव म्हणाले; पुढचे आठ दिवस तिने मला काही समजावलं नाही. चाकू हातात द्यायची आणि टाकाऊ फांद्या कापायला लावायची. मी कारण विचारलं की म्हणायची, आधी काप. माझी साल फाटायची, ती फांदी फेकून दुसरी पुढे करायची. मग सगळी रोपं आम्ही पुन्हा बांधली. त्यानंतरचे तीन आठवडे, काही न करण्याचे, मला सर्वांत जड गेले.

पुढे मी मोडी शिकले, साठीनंतर संगणक शिकले. दरवेळी पहिल्याच दिवशी कुणासमोर तरी चुकून घेतलं, आणि वहीत फक्त चुका लिहिल्या. धाकटे, तुला सांगायचं आहे ते इतकंच. तयारी होत नसते.

पण त्या वर्षी उपयोग झाला नाही. थंडी सरली होती, खोडं थकली होती. तेवीस फुटले. सासऱ्यांनी रांगेने फिरून स्वतः मोजले, एका कोंबाला बोट लावून पाहिलं, बरं जमलं म्हणाले, आणि मृगात त्या दोन एकरांत सरकी लावली. शब्द त्यांचा होता आणि तो मी मान्य केला होता. तीन महिने आधी तोंड उघडलं असतं तर ते रान माझं असतं. हे माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

गोठ्यामागचा मुरमाड तुकडा तेवढा रिकामा होता. सरकी लावून झाली त्याच संध्याकाळी मी त्या बाईच्या दारात गेले. ती तेवीस रोपं मुरमात जगतील का, खड्डा केवढा घ्यायचा, असं विचारलं. ती भाकरी थापत होती. वर न बघताच हसली.

"एवढं बी ठावं न्हाई?"

"न्हाई," मी म्हणाले, आणि तिच्या चुलीजवळ बसले.