उघड्या डोक्याची अक्षरं

"मशिनीला विचारू नका अण्णा, कागदाला विचारा," असं म्हणत अक्का छापलेलं पान चष्म्यासमोर धरायच्या. तेही उलटं. मजकूर वाचायचा नसला की डाग बरोबर दिसतात, म्हणायच्या.

राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतले घरोघरचे प्रिंटर त्याच दुरुस्त करत. बोलायला आमच्यासारख्याच मराठी, पण गाव तमिळ मुलखातलं, त्यांची शाळाही तमिळ. देवनागरीचं एक अक्षर येत नव्हतं.

धाकट्या बहिणीच्या लग्नाला चार दिवस होते. मंगलाष्टकं आई म्हणणार होती. तिची नजर अधू, म्हणून मी ती तीस पॉइंटांत, आडव्या पानांवर छापली. अकरा पानं. पहिलंच पान हातात घेऊन आई थबकली.

"अरे, 'शुभभंगल' काय छापलंस?"

होतं 'मंगल'च. पण 'म'च्या डोक्यावरची रेघ डावीकडे तुटली होती आणि त्याचा 'भ' झाला होता. आईनं पान खाली ठेवलं. "मी नाही म्हणायची. पोरीच्या लग्नात तोंडातून भलतं गेलं तर?"

अक्कांना बोलावलं. तुटलेल्या रेघा मी आधीच मोजून ठेवल्या होत्या: पहिल्या पानावर बावीस. अक्कांनी पान उलटं धरलं. "एकतीस."

त्यांनी चाचणीचं पान काढलं. बारीक रेघांच्या जाळीत तीन तुकडे गायब होते. "शाईची तीन भोकं बुजलीत. तुमचं पान आडवं, म्हणून पांढरे पट्टे अक्षरांना उभे चिरत जातात." प्रिंटरकडूनच ते भोकांचं हेड धुऊन घेतलं, वीस मिनिटं थांबल्या, पुन्हा धुतलं. जाळी पूर्ण आली. पान नव्यानं छापलं.

"अय्यो! अजून नऊ उरल्या की!" त्यांनी पेन्सिलीनं नऊ गोल केले आणि तिसऱ्यांदा धुवायला निघाल्या.

आईनं पान डोळ्यांजवळ नेलं आणि हसू लागली. "अगे, हे 'भ' आणि 'ध'. त्यांचं डोकं जन्मापासून उघडंच!"

"म्हणजे मी धडधाकटांना औषध पाजत होते?"

त्या हसत होत्या. मी मात्र पान घेऊन मोजत बसलो. पानावर 'भ' आणि 'ध' मिळून नऊच होते. ज्या बाईला अक्षर येत नव्हतं, तिनं पान उलटं धरून एकही सोडला नव्हता. तुम्ही करून पाहा. मी वाचता येत असून दोनदा चुकलो.

लग्नात आईनं 'मंगल' असं खणखणीत म्हटलं की मंडपाच्या टोकाला बसलेल्या अक्का मान डोलवायच्या. त्यानंतर दुपारच्या त्या आईजवळ येऊन बसू लागल्या. "आत्ये, सांग, आणखी कुणाकुणाचं डोकं उघडं?"

गेल्या वर्षी अक्का गेल्या. शाई वाळू नये म्हणून दर रविवारी एक पान छापा, असं त्यांनी बजावलं होतं. छापतो, आणि उलटं धरून पाहतो.

नऊ गोलांचं ते पान प्रिंटरखाली जपून ठेवलंय. त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं, नवशिक्या हातानं एकच शब्द लिहिलेला आहे: शुभमंगल. 'भ'चं डोकं उघडं. 'म'चं नीट झाकलेलं.