जुनीच पट्टी

एदमों कोद्रोंला आयुष्यात दोनच गोष्टींचं वेड होतं, शर्यतीची कबुतरं आणि बहिणीचा आवाज. पहिल्या वेडापायी तो एकसष्टाव्या वर्षी खुराड्याच्या शिडीवरून पडला आणि डावं मनगट मोडून बसला. मनगटाचं एवढं काही नव्हतं. पण त्या मनगटामागे अठ्ठावीस वर्षांचं एक खोटं दडलं होतं, आणि आता ते उघडं पडायची वेळ आली होती.

एदमों उत्तर फ्रान्समधल्या एका कोळशाच्या खाणीत वायरमन होता आणि रविवारी नाचाच्या हॉलमध्ये अ‍ॅकॉर्डियन वाजवायचा. बहीण गिलेन त्याच्याहून दोन वर्षांनी धाकटी. चौदाव्या वर्षी ती खाणीच्या तोंडाशी कोळसा निवडायला लागली. डोक्याला रुमाल घट्ट बांधायचा, समोरून सरकणाऱ्या पट्ट्यावरच्या कोळशातले दगड वेचून फेकायचे, आणि यंत्रांच्या खडखडाटावर मात करून गायचं. तिथे ज्याचा आवाज ऐकू जातो त्याला माईक लागत नाही. एकोणिसाव्या वर्षी लील शहरातल्या रेडिओस्पर्धेत तिचा पहिला नंबर आला, पॅरिसहून एक गृहस्थ मोटारीतून आले आणि त्रेसष्ट साली तिची तबकडी निघाली, 'भोंगा वाजायच्या आधी'. खाणीत गेलेल्या माणसाची वाट बघणाऱ्या बाईचं गाणं. त्याची शेवटची ओळ खाणीच्या भोंग्यासारखी वर वर चढत जाते आणि तिथेच थांबते. त्या वर्षी फ्रान्समध्ये हे गाणं माहीत नसलेला माणूस बहुधा बहिराच असावा.

पॅरिसमध्ये ती तीन वर्षं राहिली. मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकली, नाव बदललं, केस बदलले. बोलण्यातला खाणीकडचा हेल काढून टाकायला एक बाई आठवड्यातून दोनदा शिकवायला यायची. हेल निघाला आणि गिलेनचं तिथलं मनही निघालं. ती परत आली ती कायमचीच.

"त्या तबकडीवर मी नाहीच," असं ती म्हणायची. "ती कोणीतरी पॅरिसची बाई गातेय." घरात ती तबकडी तिने कधी लावली नाही. हे ध्यानात ठेवा.

पुढची सदतीस वर्षं जत्रा, लग्नं, रविवारचे नाच. लग्न झालं, दोन मुलं झाली, नवरा खाणीच्या धुळीने छाती भरून गेला. दर डिसेंबरच्या चार तारखेला खाणकामगारांच्या संत बार्बाराचा सण येतो. दुपारी सगळ्या वस्तीचं जेवण असतं आणि जेवणानंतर गिलेनचं गाणं. खाणी बंद पडल्या, भोंगा भंगारात गेला, पण जेवण आणि गाणं चालूच राहिलं. गाण्याच्या आधी ती एदमोंकडे वळून विचारायची, "जुनीच पट्टी?" तो म्हणायचा, "जुनीच." मग हॉल टाळ्या वाजवायचा. हे इतकं ठरलेलं होतं की त्याशिवाय गाणं सुरू झालं असतं तर लोकांना चुकल्यासारखं वाटलं असतं.

पंच्याहत्तर साली एका जत्रेत शेवटच्या स्वराला तिचा आवाज जरासा फाटला. बाकी कुणाच्या नाही, पण एदमोंच्या कानाने ते टिपलं. पुढच्या रविवारी तिने विचारलं, "जुनीच पट्टी?" त्याने "जुनीच" म्हटलं आणि अर्धा स्वर खाली वाजवलं. त्याचा अ‍ॅकॉर्डियन बटणांचा. त्यावर हात जरासा सरकवला की तीच बोटं दुसऱ्या पट्टीत वाजवतात. बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. सात-आठ वर्षांनी आणखी अर्धा स्वर, मग आणखी. काळी पाचमधलं गाणं असं एकेक पायरी उतरत काळी तीनवर आलं. गिलेनला सुरांची लिपी वाचता येत नव्हती, आणि तबकडी ती लावत नव्हती. साठीला टेकल्यावरही ती सगळ्यांना ठसक्यात सांगायची, "बघा, आवाज जिथल्या तिथे आहे!"

मनगट मोडलं तेव्हा सण आठ दिवसांवर आला होता. गिलेनला साथ गावच्या बँडने करायची असं सणाच्या मंडळाने ठरवलं. पितळी वाद्यं, चाळीस वादक, आणि समोर मूळ पट्टीतले त्रेसष्ट सालचे छापील कागद. मोडका हात गळ्यात अडकवून एदमों बँडमास्तर एनबेलच्या घरी गेला. दोघे खाणीत एकाच पाळीला होते.

"मास्तर, एक गळ घालायला आलोय. गिलेनच्या गाण्याचे कागद..."

"खाली उतरवून हवेत," एनबेल म्हणाला. "चार अर्धे स्वर. तयार आहेत."

"कधी केलेस?"

"सहा वर्षं झाली. तुझं काही बरंवाईट झालं तर म्हणून करून ठेवले. तू शिडीवरून पडशील असं नव्हतं वाटलं, मला वाटलं होतं दारूनेच जाशील."

एदमोंला हसू आलं नाही. "कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"अरे, ज्याला कान आहेत त्याला. ध्रुवपद सगळा हॉल गातो ना? मग कोणत्या पट्टीत गातोय ते हॉलला कळत नसेल?"

एदमों घरी आला तो हलका होऊन. पण सणाच्या आदल्या दिवशी सकाळी गिलेन दारात उभी राहिली. काखेत ती तबकडी होती. गाणं कुठे उचलायचं ते एदमों एरवी मानेने खुणवायचा. आता बँडच्या सुरुवातीनंतर ते कसं कळणार म्हणून तिने चाळीस वर्षांत पहिल्यांदा तबकडी लावली होती, आणि सोबत गाऊन बघितलं होतं.

"बस, कॉफी घे," एदमों म्हणाला.

"कॉफी राहू दे. किती?"

"काय किती?"

"साळसूदपणाचा आव आणू नकोस. किती खाली आणलंयस मला?"

"चार अर्धे स्वर," तो म्हणाला. "पंच्याहत्तरपासून."

"आणि मी दर वेळी विचारायचे."

"हो."

"आणि तू तोंड वर करून 'जुनीच' म्हणायचास. मेल्या, मी गावभर आवाजाच्या फुशारक्या मारत फिरले! अजून कुणाला माहितेय?"

आणखी एक खोटं सहज खपलं असतं. पण एदमोंकडे आता तेवढं बळ नव्हतं. त्याने बँडचे कागद सांगितले, हॉलचंही सांगितलं. गिलेन खुर्चीवर बसली.

"म्हणजे सगळे कीव करून टाळ्या वाजवत होते."

"कीव कसली? त्या हॉलमध्ये वरचा स्वर लावायला छाती कुणाची उरलीय, पोरी? आपल्या खाणीतला झुल्यां जिना चढताना तीनदा थांबतो. तुझा नवरा शेवटी नुसते ओठ हलवायचा. तू खाली उतरलीस तेव्हा त्यांनाही गाता आलं."

"मला विचारायचंस. मी आपण होऊन उतरले असते."

"नसतीस उतरलीस."

ती उठली, तबकडी टेबलावरच ठेवून निघाली.

"उद्या येशील ना?" त्याने विचारलं.

"बघते."

त्या रात्री एदमोंचा डोळा लागला नाही. ती आली नाही तर लोक कारण विचारतील, आणि कारण सगळ्यांना ठाऊकच असेल. मग ती पुन्हा त्या हॉलमध्ये पाऊल टाकणार नाही हे तो ओळखून होता. बहिणीचं गाणं वाचवता वाचवता आपणच ते बंद पाडलं असं त्याला वाटलं, आणि त्याला स्वतःचा संताप आला.

दुसऱ्या दिवशी एक वाजता गिलेन आली. नेहमीचा निळा झगा, ओठांना रंग. बिअरमध्ये शिजवलेलं मांस झालं, साखरेचा केक झाला. एदमोंशी ती एक अक्षर बोलली नाही. मग बँडने वाद्यं सरसावली आणि ती माईकपाशी गेली. सवयीने डावीकडे वळली. तिथे रिकामी खुर्ची होती. तेव्हा तिने पहिल्या रांगेत पाहिलं.

"एदमों," ती माईकमधून म्हणाली, "जुनीच पट्टी?"

एदमोंने तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. सगळं ठाऊक असलेल्या बाईशी खोटं कसं बोलायचं? आणि तीनशे माणसांसमोर खरं तरी कसं बोलायचं? मग मागून झुल्यांचा खरखरीत आवाज आला, "जुनीच!" त्याच्या मागून दुसरा, तिसरा, आणि मग सगळा हॉल एका आवाजात ओरडला, "जुनीच!" बँडमधला ढोलवालासुद्धा.

गिलेनने सगळ्यांवरून नजर फिरवली, अगदी सावकाश.

"सगळे एकाच माळेचे मणी," ती म्हणाली, तीही खाणीकडच्या ठेवणीतल्या हेलात.

तिला कळलंय हे हॉलला तेव्हा कळलं. कुणी टाळी वाजवली नाही. गिलेनने एनबेल मास्तरकडे मान हलवली आणि काळी तीनमध्ये गाणं सुरू केलं.