साडूंचं पॅकिंग

आमच्या लोणीच्या साडूंच्या मते खराब झालेली वस्तू या जगात नसतेच, असते ती फक्त लोकांची घाई. नवी वस्तू विकत आणणारा माणूस त्यांच्या लेखी एक तर आळशी असतो किंवा पुण्याचा. साडू तसे हाडाचे शेतकरी. पण नव्वदच्या सुमारास त्यांनी कुणाकडून तरी एक जुनी पांढरी मोटार घेतली आणि त्या दिवसापासून शेती बायकोकडे आणि इंजिन आपल्याकडे, अशी कामाची न्याय्य वाटणी करून टाकली. गाडी चालवण्यापेक्षा उघडण्यातच त्यांना जास्त रस. पाहुणे म्हणून आम्ही गेलो की आधी बॉनेटखाली डोकावायचं आणि मग पाणी प्यायचं, अशी त्या घरची रीत.

इंजिनात हवा नि पेट्रोल नेणाऱ्या नळ्या जिथं इंजिनाला जोडतात, त्या सांध्यात पुठ्ठ्यासारखा एक चपटा तुकडा असतो. शिकलेले लोक त्याला गॅस्केट म्हणतात, गॅरेजवाले पॅकिंग. सांधा उघडला की जुनं पॅकिंग फेकायचं आणि नवं घालायचं, असा उर्वरित जगाचा अडाणी रिवाज आहे. साडू मात्र जुनं पॅकिंग दाढीच्या ब्लेडनं असं अलगद सोडवत की वाटावं, तान्ह्या पोराच्या जखमेची पट्टीच काढताहेत. मग ते रॉकेलनं धुवायचं, अंगणात कुरडयांच्या शेजारी उन्हात घालायचं आणि फाटल्या जागी शेलॅकचा चिकट लेप फासून पुन्हा बसवायचं. मेव्हणीनं एकदा ते कुरडयांबरोबर डब्यात भरून ठेवलं होतं, तर साडूंनी तिच्यावर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला. अशा दुरुस्तीनंतर इंजिन साहजिकच सांध्यातून बाहेरची हवा ओढायचं आणि गाडी उभ्या जागी शिट्टी मारायची. पारगावच्या बाजारात एका बाईनं मागं वळून साडूंना त्यावरून चांगलंच सुनावलं होतं. साडूंना त्यात दोष काही दिसेना. मला म्हणाले, "पावणं, गाडी श्वास घेतीय. मेलेली गाडी कधी शिट्टी मारती का?"

शेवटी मेव्हणीच्या सांगण्यावरून मी मंचरहून एक नवं कोरं पॅकिंग नेऊन दिलं. साडूंनी ते उजेडाकडं धरून पाहिलं, त्याचा वास घेतला, तोंड भरून कौतुक केलं आणि लोखंडी कपाटात मेव्हणीच्या शालूखाली ठेवून दिलं. एवढी चांगली वस्तू इंजिनात घालून काळी करायची, हे त्यांच्या मनाला पटेना.

त्यांची एकुलती एक मुलगी, माझी भाची, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून घरी आली होती. खोडदला त्या मोठ्या दुर्बिणी उभ्या आहेत ना, तिथल्या ऑफिसातून तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. घराण्यात नोकरीच्या मुलाखतीला जाणारी ती पहिलीच पोरगी. सगळ्यांचं म्हणणं पडलं, सकाळच्या वडापनं जावं. पण बापाची मोटार दारात उभी असताना लेकीनं वडापच्या जीपमध्ये कोंबून घेऊन जावं, हे साडूंना कसं रुचावं? खास मुलाखतीसाठी म्हणून त्यांनी आदल्या दुपारी इंजिन उघडलं आणि तीन तुकडे झालेलं पॅकिंग चिकटवून बसवलं. सोबतीला मी होतो. जावई मंडळींना अशा सन्मानातून सुटका नसते.

साखर कारखान्याचा हंगाम जोरात होता. पारगावच्या पुढं उसाच्या ट्रॅक्टरमागं रखडत रखडत गाडी खोकू लागली आणि एका वळणावर बंदच पडली. साडूंनी बॉनेट उघडलं. पॅकिंगचा मधला तुकडा इंजिनानं गिळला होता. नवं पॅकिंग कुठंय म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "कपाटात हाय की. जपून ठिवलंय." त्या आवाजात काळजी नव्हती, अभिमान होता. मग डिकीतून कात्री काढून ते पुठ्ठा शोधू लागले आणि त्यांची नजर भाचीच्या मांडीवरच्या फायलीवर गेली. फायलीत तिची सगळी सर्टिफिकेटं होती. फायलीचं कव्हर कडक, निळं, आणि जाडीला अगदी बरोबर.

"पोरी, निस्तं वरचं कव्हर दे," साडू म्हणाले.

भाचीनं घड्याळ पाहिलं, बापाचे काळे हात पाहिले. ती चिडली नाही. ते जास्त वाईट. खाली उतरून तिनं पुढच्या फडाकडं निघालेला एक रिकामा ट्रॅक्टर थांबवला, त्याच्या ट्रॉलीत ऊसतोडीच्या बाया होत्या. "दादा, तुमी सावकाश करा. मी व्हते फुडं," एवढं बापाला सांगून ती वर चढली. मी निघालो तर मला म्हणाली, तुम्ही दादांपाशी थांबा. इस्त्रीची ओढणी कमरेला खोचून, फाईल छातीशी धरून ती त्या बायांमध्ये उभी राहिली आणि ट्रॅक्टर गेला.

साडू कात्री हातात धरून तसेच उभे. म्हणाले, "पोरीनं मागं वळून बगितलं न्हाई, पावणं."

ट्रॉलीत तोल सांभाळायचा असतो, असं काहीतरी मी म्हणालो. "तसंबी असंल," म्हणत ते बांधावर बसले. उघड्या इंजिनाकडं पाठ करून बसलेले साडू मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

नोकरी तिला मिळाली. त्याच आठवड्यात शालूखालचं पॅकिंग इंजिनात गेलं. त्यानंतर साडूंनी बॉनेट काही उघडलं नाही. पुढं ती पांढरी मोटार गोठ्याशेजारी उभी राहिली ती राहिलीच.

दोन हजार सालानंतर कधीतरी भाचीनं स्वतःची नवी गाडी घेतली आणि पहिल्यांदा ती लोणीला घेऊन आली. मेव्हणीनं ओवाळलं, नारळ फुटला. साडू गाडीला एक चक्कर मारून ओसरीवर जाऊन बसले. भाचीनंच जाऊन त्यांना उठवून आणलं आणि बॉनेट उघडून दाखवलं. आत सगळं काळ्या झाकणाखाली बंद होतं, कुठं सांधा दिसेना की बोल्ट. साडू हात मागं बांधून वाकून वाकून पाहत राहिले.

"हात लावा की दादा," ती म्हणाली.

"नगं. समदं जाग्यावर हाय," ते म्हणाले आणि त्यांनी बॉनेट खाली घेतलं. इतक्या हळूच, की ते लागलंच नाही. भाचीनं त्यांच्या हाताशेजारी आपला हात ठेवला आणि दाबून ते बंद केलं.