आरशात दिसलेली बटणपट्टी

सारी गल्ली त्याला भिंगकाका म्हणते. जुन्या फोटोतली खुर्ची आणि दारात आलेली खुर्ची एकच आहे का, हे तो भिंग लावून सांगतो आणि लोक मान डोलावतात.

त्या सकाळी आरशापुढे सदऱ्याची बटणं लावताना तो थबकला. आरशात बटणपट्टी उलटी दिसत होती. गल्लीतल्या मावशीनं तपासायला आणलेल्या फोटोत तिच्या वडिलांच्या कोटाची पट्टीही अशीच उलटी होती. म्हणजे फोटोच उलटा छापला गेला होता. फोटोत चीर खुर्चीच्या उजव्या हातावर आणि मावशीनं आणलेल्या खुर्चीच्या डाव्या हातावर, एवढ्यावरून त्यानं काल ती वडिलांची खुर्ची नव्हेच, असं सांगितलं होतं. "मग मोडून पाट करून घेते," म्हणत मावशीनं ती सुताराकडे धाडली होती.

तो अनवाणीच धावत सुटला. वळणावर करवतीचा आवाज आला आणि ती आपल्याच हाडांवरून फिरतेय असं त्याला वाटलं.

सुतार दारात एक फळी कापत होता.

"खुर्ची?" काकाच्या तोंडून एवढंच निघालं.

"मावशींना विचारा. सकाळीच आल्या. करवत लावणार, तर म्हणाल्या, जरा टेकते. अजून टेकल्यातच."

आत मावशी खुर्चीत बसली होती. तिचा तळवा त्या चिरेवर होता.

"मावशी, खुर्ची वडिलांचीच आहे. मी चुकलो."

"आधी घाम पूस," मावशी म्हणाली. "मला वाटलं, तूही उठवायलाच आलास."