सबनिसांनी सुधारलेलं घड्याळ

बडोद्याच्या कारेलीबागेतले लक्ष्मीकांत सबनीस रिफायनरीतून निवृत्त झाले आणि समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठी बनवलेली जुनी घड्याळं सुधारू लागले. स्वतःला पोहता येत नव्हतं. आणि 'सुधारणं' हा त्यांचा शब्द. त्यांच्या पत्नी निरुपमाबाई नुसतं 'खोलणं' म्हणत.

निरुपमाबाईंचे थोरले भाऊ माधवराव जहाजावर नोकरीला होते. त्यांनी आपलं जुनं घड्याळ मेव्हण्याला हौसेनं दिलं. सबनिसांनी ते उघडलं, त्यात एका घड्याळाची तबकडी आणि दुसऱ्याचा लाल काटा बसवला, आणि झाकण पुन्हा लावलं. एक बारीक रबरी रिंग उरली.

"अहो, हे राहिलं की!"

"कंपनी एखादी जास्तीची देते."

निरुपमाबाईंनी ती पाण्याच्या बाटलीच्या झाकणात बसवली. बाटली गळायची थांबली.

दिवाळीत माधवराव बडोद्याला आले. घड्याळाच्या काचेभोवतीची कडी मुळात एकाच बाजूला फिरायची. त्यांनी हात लावताच ती दोन्हीकडे गरगरली.

"हे काय, लक्ष्मीकांतराव?"

"सोय केली. मागं यायला अख्खा फेरा कशाला?"

"अहो, पाण्याखाली किती वेळ झाला ते या कडीवर कळतं. धक्क्यानं उलटी फिरली, तर माणसाला वाटेल हवा भरपूर उरलीय. मरेल तो!"

"मी कारेलीबागेत राहतो," सबनीस शांतपणे म्हणाले.

"बरं, पाणी तरी आत जात नाही ना?"

"थेंबभर नाही."

माधवरावांनी त्यांना थेट हरणीला, आपल्या मुलीच्या, दीप्तीच्या सोसायटीतल्या स्विमिंग पूलवर नेलं. सबनीस कमरेएवढ्या पाण्यात उतरले. एका हातानं कठडा धरून त्यांनी घड्याळाचा हात बुडवला. घड्याळातून बुडबुडे निघाले.

"श्वास सोडतंय," माधवराव म्हणाले.

काचेखाली पाणी चढलं. लाल काटा सुटून फिरायला लागला. सबनिसांनी घाबरून दुसऱ्या हातानं घड्याळ दाबलं, कठडा सुटला, आणि ते आडवे झाले. माधवरावांनी पाठीखाली हात घातला.

"काका, पाय हलवा ने!" काठावरून दीप्ती ओरडली.

सबनिसांनी पाय हलवले. माधवरावांनी हळूच हात काढून घेतला.

"अहो, मी तरंगतोय!"

घड्याळ गेलं ते गेलंच. सबनीस मात्र आता रोज सकाळी हरणीला पोहायला जातात आणि येताना सेवउसळ खातात. वजन वाढलंय. पण तरंगायला त्याची मदतच होते, असं त्यांचं म्हणणं आहे.