सीटखालचा ठोकळा

काचवाल्याने नवी पिकअप आणली त्या दिवशी निम्म्या गल्लीने तिला हात लावून पाहिला आणि उरलेल्या निम्म्या गल्लीने हात मागे घेतला, कारण काचवाला फडकं घेऊन शेजारीच उभा होता. "बोटं उमटतात हो," एवढंच म्हणायचा, पण असं की माणसाला आपली बोटं घरी ठेवून यायला हवी होती असं वाटावं. सारा जन्म काचा वाहण्यात गेलेला माणूस. त्याच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू, फुटलेल्या आणि अजून न फुटलेल्या.

सीटवरचं प्लास्टिक त्याने काढलं नाही. विकणाऱ्याने बजावलं होतं की पहिले हजार किलोमीटर साठच्या वर जायचं नाही आणि माल अर्धाच भरायचा. हा पंचेचाळीसच्या वर गेला नाही. सायकलवाले त्याला मागे टाकायचे आणि पुढे जाऊन वळून बघायचे, गाडी चालू आहे की ढकलत नेतायत ते.

"अहो, गाडी घेतलीय की अंडी उबवताय?" बायको म्हणाली.

"इंजिन बसतंय," तो म्हणाला. "नव्या गाडीला सवयी लावाव्या लागतात. आत्ता जे शिकवू तेच ती जन्मभर करेल."

गाडीत सगळं कोरं होतं, एक वस्तू सोडून. डाव्या सीटखाली, जुन्या गोणपाटात गुंडाळलेला एक तिरकस कापलेला लाकडी ठोकळा. तेलाने काळा पडलेला, वरच्या बाजूला टायरच्या नक्षीचा खोल ठसा. नव्या गाडीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. हँडब्रेक दोन बोटांनी ओढला की गाडी जागच्या जागी खिळायची. प्रत्येक वेळी तो कट्ट आवाज झाला की काचवाल्याची मान आपोआप वर वळायची, चढाच्या टोकाकडे.

तिथे त्याची जुनी पिकअप उभी असायची, उताराकडे तोंड करून.

ती आता त्याच्या मेहुण्याची होती. मेहुणा म्हणजे रंगवाला, बायकोचा धाकटा भाऊ, गल्लीच्या वरच्या टोकाला राहणारा. रंगाचे डबे वाहायला त्याला गाडी हवी होती, यांना जुनी काढायची होती. घरातल्या घरात झालं. त्या वेळी रंगवाल्याने सगळ्यांच्या देखत विचारलं होतं, "भावजी, काही सांगायचं असेल तर आत्ताच सांगा."

सांगायचं होतं. जुन्या गाडीचा हँडब्रेक झिजलेला होता. ओढला की धरायचा, पण अर्ध्या-पाऊण तासाने, भार असला की, आपल्याच मनाने एकेक दात सोडत जायचा. गिअरमध्ये टाकून ठेवली तरी गिअर उडायचा. म्हणून काचवाला चौदा वर्षं, गाडी थांबली की उतरून पहिल्यांदा चाकाखाली ठोकळा सरकवायचा. एवढी सवय झाली होती की तो दोष आहे हेच तो विसरला होता. जेवणाआधी हात धुवावेत तसा ठोकळा.

पण त्या दिवशी सासरे समोर बसले होते. "जावयाची वस्तू, डोळे झाकून घे," असं मुलाला सांगत होते. बायको कौतुकाने बघत होती. काचवाल्याच्या तोंडून निघालं, "काही नाही रे. सोन्यासारखी गाडी आहे."

एवढ्यावर थांबलं असतं तरी विसराळूपणा म्हणता आला असता. किल्ली देण्याआधी मात्र त्याने खाली जाऊन गाडी झाडली, आणि ठोकळा काढून घेतला. बघणाऱ्याच्या मनात शंका नको.

पहिल्या आठवड्यात त्याने स्वतःला समजावलं की उद्या सांगू. पण उद्या सांगायचं तर आज का नाही सांगितलं हेही सांगावं लागतं, आणि ते रोज एका दिवसाने वाढत जातं. जुनी गाडी वर उभी. तिच्या नाकासमोर सरळ उतार. उताराच्या मध्यावर, पत्र्याच्या आडोशाखाली, गल्लीचा शिंपी मशीन घेऊन बसलेला. चढाकडे पाठ करून, कारण समोरून उजेड यायचा. मशीनच्या खडखडाटात त्याला हाकही ऐकू जात नसे. गिऱ्हाईकं त्याच्या खांद्यावर थाप मारूनच बोलायची.

काचवाल्याने ते अंतर एकदा पावलांनी मोजलं. साठ पावलं. मोजल्यावर वाटलं, मोजायला नको होतं.

मग तो सकाळी फिरायला जाऊ लागला. ज्या माणसाला कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही गाडी काढावीशी वाटते, तो पायी चढ चढू लागला म्हटल्यावर गल्लीत कुजबुज झालीच. कुणी म्हणालं साखर वाढली, कुणी म्हणालं बायकोने हाकललं. तो वर जायचा, बुटाची नाडी बांधायला वाकायचा, आणि जुन्या गाडीच्या पुढच्या चाकाखाली एक दगड सरकवून यायचा.

आठ-दहा दिवसांनी रंगवाला तणतणत खाली आला. "भावजी, कुणीतरी रोज माझ्या चाकाखाली दगड ठेवतंय. गाडी काढायला जावं तर अडकते. कुणाचा तरी डोळा आहे माझ्यावर."

"असू दे की. दगडच तो," काचवाला फडकं पिळत म्हणाला.

"असू दे काय? मी लाथेने उडवतो रोज. सापडू दे एकदा, त्याच्याच डोक्यात घालतो."

काचवाल्याने आरसा पुसला. तो पुसून झाला होता, तरी पुन्हा पुसला.

त्याने दुसरी वाट काढली. जुनी गाडी एक दिवसासाठी मागून घ्यायची, हँडब्रेक गुपचूप दुरुस्त करायचा, आणि परत नेऊन द्यायची. कुणाला कळणार नाही. तो मेहुण्याला म्हणाला, "उद्या तुझी गाडी मला दे. माझी तू घेऊन जा."

रंगवाला त्याच्याकडे बघतच राहिला. "नवी देऊन जुनी मागताय? नव्या गाडीला काय झालं, भावजी? मला फसवत तर नाही ना?" आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसला. "जा हो, तुमचा जीव जाईल माझ्या हातात ती बघून. चेष्टा पुरे."

त्या संध्याकाळी बायको भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "सकाळी कुठे जाता हो?"

"पाय मोकळे करायला."

"पाय मोकळे करायला दगड लागतो?"

तिने सुरी खाली ठेवली. काचवाल्याने सगळं सांगितलं, ठोकळ्यासकट. तिने ऐकून घेतलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"माझ्या भावाला?" एवढंच म्हणाली. आणि मग, "उद्या सांगा. नाहीतर मी सांगते."

"उद्या दुपारी. सकाळी शाळेच्या काचा पोचवायच्यात, तेवढ्या टाकून येतो."

"आता जा."

"आता तो गाडी घेऊन बाहेर गेलाय. उद्या नक्की."

दुसऱ्या दिवशी शाळा बंद निघाली. काचा तशाच परत आणाव्या लागल्या. पहिल्यांदाच पूर्ण माल भरलेला, नऊशे नव्वद किलोमीटर झालेले, आणि मनात वाक्यांची जुळवाजुळव चाललेली. 'अरे, एक राहूनच गेलं बघ' असं हलकं सुरू करावं, की सरळ बोलावं? गल्लीच्या खालच्या तोंडाशी वळताना त्याची नजर सवयीने वर गेली.

जुनी गाडी डब्यांनी भरलेली होती. रंगवाला दिसत नव्हता, जेवायला गेला असणार. चाकाखाली दगड नव्हता. आज फिरायला जायची गरज नाही असं काचवाल्याला सकाळी वाटलं होतं. आज तर सांगूनच टाकायचं होतं.

गाडीचं नाक दाराच्या पायरीपुढे आलेलं होतं. रोज ते पायरीच्या मागे असायचं.

त्याने डोळे बारीक केले. नाक आणखी एक वीत पुढे आलं. अगदी सावकाश, झोपेतून उठलेल्या माणसासारखं. शिंपी पँटची शिवण मारत होता, चढाकडे पाठ करून. काचवाल्याने हॉर्न दाबून धरला. खिडक्या उघडल्या, कुत्रं उठून गेलं, शिंप्याची मान हलली नाही. जुन्या गाडीला आता वेग येऊ लागला होता.

नव्या गाडीने त्या दिवशी पहिल्यांदा खरा जोर लावला. इंजिन असं ओरडलं की काचवाल्याला ते आपल्या गाडीचं वाटेना. शिंप्याला ओलांडून तो वर गेला आणि गाडी आडवी घातली, रिकाम्या सीटची बाजू चढाकडे करून.

आदळण्याचा आवाज छोटासाच झाला. काचांचा मात्र बराच वेळ चालू राहिला.

शिंपी उठला, गळ्यातली टेप सावरली, मागे वळून पाहिलं. त्याच्यापासून दोन हातांवर नवी गाडी थांबली होती. "अरे," तो म्हणाला, "नवी ना ही?"

रंगवाला उष्ट्या हाताने धावत आला. काचवाल्याला कॅबिनमधून ओढून काढलं, अंग चाचपलं, आणि सगळ्यांसमोर मिठी मारून रडायला लागला. "माझ्या हातून माणूस मेला असता, भावजी. तुम्ही स्वतःची कोरी गाडी घातलीत. कोण करतं हो असं?" माणसं जमली, सगळी मान डोलावत होती. कुणीतरी खुर्ची आणली, कुणीतरी पाणी. जन्मात काचवाल्याचं एवढं कौतुक झालं नव्हतं. त्याने ग्लास हातात घेतला आणि बायकोकडे पाहिलं. ती दारात उभी होती. ती त्याला सांगत नव्हती की बोला, आणि सांगत नव्हती की गप्प बसा.

त्याने घोट घेतला. दुसराही घेतला.

तेवढ्यात नव्या गाडीचं लोंबकळणारं दार निखळून पडलं, आणि सीटखालून काहीतरी घरंगळत काचांच्या चुऱ्यात येऊन थांबलं. गोणपाट सुटलं होतं. रंगवाल्याने ते उचललं, बाजूला ठेवायला म्हणून. मग थांबला. उलटं करून पाहिलं. टायरच्या ठशावर अंगठा फिरवला.

"हा तर हिच्या चाकाखाली असायचा," तो म्हणाला. "कायम. मला वाटायचं, काचेच्या टेकूचा असेल." त्याने जुन्या गाडीकडे पाहिलं, मग नव्या. "दगड तुम्ही ठेवत होता."

"हो."

"आणि मी लाथेने उडवत होतो."

जी माणसं मान डोलावत होती त्यांना एकदम घरची कामं आठवली. रंगवाला ठोकळा घेऊन जुन्या गाडीपाशी गेला, चाकाखाली नीट सरकवला, पायाने दाबून बघितला, आणि वर निघून गेला.

नवी गाडी महिनाभराने दुरुस्त होऊन आली. दाराचा रंग उरलेल्या गाडीशी किंचित जुळत नाही. जुन्या गाडीचा हँडब्रेक रंगवाल्याने दुरुस्त करून घेतला, तरी ठोकळा चाकाखाली असतोच. शिंप्याने मशीन फिरवून घेतलं. आता तो चढाकडे तोंड करून बसतो आणि उजेड कमी पडतो म्हणून कुरकुरतो.

मेहुणा बोलत नाही असं नाही. येतो, बसतो. फक्त बहिणीने चहा पुढे केला की कपाला हात लावण्याआधी भावजींकडे बघतो आणि अगदी शांतपणे विचारतो, "काही सांगायचं असेल तर आत्ताच सांगा."

पहिल्यांदा सगळे हसले होते. आता बायकोही काचवाल्याकडे बघते, आणि तो उत्तर देईपर्यंत कुणी कप उचलत नाही.