पेरूहून आलेला पट्टा
डांबरगोळ्यांचा वास आला की मला शेजारीण आठवते. सत्तरच्या दशकात ती नवऱ्याबरोबर पेरू देश फिरून आली आणि एका दुपारी आमच्या ओसरीवर फोटो पसरून बसली. ढगांत बुडालेलं जुनं दगडी शहर, मोठ्या तळ्यावरच्या गवताच्या होड्या. माझे यजमान विणकर. सीताबर्डीच्या दुकानाची लुगडी मागावर असली की माझ्याशी दिवसभर बोलत नसत. त्या दिवशी त्यांनी माग थांबवला. तिकडच्या बाया कमरेला माग बांधून विणतात, असं सांगत तिनं तिथून आणलेला लोकरीचा रंगीत पट्टा स्वतःच्या कमरेला गुंडाळला आणि दुसरं टोक ह्यांच्या हातात दिलं. "ताण धरा न भाऊजी." ह्यांनी धरला, आणि त्या मागाबद्दल तिला कितीतरी वेळ विचारत राहिले. मी म्हटलं, "मलेही सांगा न." हे म्हणाले, "तुले काय करायचं आहे? चहा ठेव." जाताना ती पट्टा ह्यांनाच देऊन गेली. आता हे नाहीत. दर उन्हाळ्यात मी सगळ्या कपड्यांत डांबरगोळ्या टाकते, पट्टा तेवढा वेगळ्या पिशवीत, गोळ्या न टाकता, तसाच ठेवते. लोकरीला कसर लागते म्हणतात. उघडून पाहते, तर मेला अजून धडच्या धड.